पाच लाख लिटर आणि आईचा उजवा पाय

२४ नोव्हेंबर

"तुझी विशिष्ट उष्माधारकता फार कमी आहे." हे वाक्य आई मला म्हणाली तेव्हा मी आठवीत होते आणि समोर बेचाळीस मुलं बसली होती. आई आमची विज्ञानाची बाई. शाळेच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती माझी आई नसायची. मी अर्ध्या मार्कावरून हुज्जत घालत होते. तिने खडू खाली ठेवला आणि वर्गाला शांतपणे समजावलं, की काही पदार्थांना जराशी उष्णता दिली की ते लगेच तापतात, जसं तांबं, जसं लोखंड. आणि काही पाण्यासारखे असतात, बराच वेळ काही लागू देत नाहीत. मग माझ्याकडे बोट दाखवून ते वाक्य. वर्ग हसला. पहिल्या बाकावरचा मुलगा सगळ्यात जोरात हसला, कारण विनोद त्याला एकट्यालाच कळला होता.

आज तोच मुलगा, आता कपाळ बरंच वरपर्यंत गेलेला, माझ्या टेबलासमोर उभा राहून सांगत होता की आपला तलाव गरम होणार. तो आमच्या जलतरण मंडळाचा अध्यक्ष आहे. मी मंडळाच्या कार्यालयात ओळखपत्रं बनवते आणि टोपी न घालता पोहणाऱ्यांशी भांडते. आयुष्यात कोण कुठे पोचतं हे पहिल्या बाकावरूनच ठरत असावं.

त्याचं नळ, शॉवर आणि बेसिनचं दुकान आहे. तिथून त्याने मंडळाला एक हीटर भेट द्यायचं ठरवलंय. अठरा किलोवॅटचा. "हॉटेलवाले नेतात हा," तो म्हणाला. हॉटेलवाले तो कशावर बसवतात हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण माझं मन तोवर घरी पोचलं होतं.

सप्टेंबरात आईला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडकलं. हात थोडा परत आला, पाय आलेला नाही. फिजिओ म्हणते, जमिनीवर तो पाय तिचं वजन घेणार नाही, पाण्यात घेईल. कमरेइतक्या पाण्यात रोज अर्धा तास चालवा. मात्र पाणी एकतीस-बत्तीस अंश हवं. अठ्ठाविसाच्या खाली गेलं की स्नायू आखडतात आणि उलटंच होतं. आणि हे सगळं येत्या दोन महिन्यांत. त्यानंतर जे पाय शिकला नसेल ते तो शिकेलच असं नाही. हे सांगताना ती मुलगी आईच्या पायाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

आमचा तलाव थंडीत एकवीस अंश असतो. म्हणून मी अध्यक्षांना चहा पाजला.

२६ नोव्हेंबर

आई आजारपणातही माझी परीक्षा घ्यायची थांबलेली नाही. मी कामावरून आले की तिचं जुनं पाठ्यपुस्तक तिच्या मांडीवर उघडं असतं. डाव्या हाताचं बोट एका शब्दावर ठेवते आणि म्हणते, "हे?" मी सांगायचं. "विशिष्ट उष्माधारकता, आई." ती मान हलवते, म्हणजे पुन्हा सांग. तीनदा म्हणवून घेते. मग वहीत डाव्या हाताने हळूहळू काहीतरी लिहिते. बहुतेक मार्क.

वाक्यंही अर्धवट सोडते. वर्गात सोडायची तशीच. "पाणी तापायला लागते ती..." आणि थांबते, माझ्याकडे बघत. रिकाम्या जागा भरा. मी भरते. सेहेचाळीस वर्षांची बाई, पायातले बूटही न काढता, "उष्णता" असं उत्तर देते.

बाकी तिला कपाला कप म्हणता येत नाही. काल चमच्याला कंगवा म्हणाली. पण विज्ञानाचा विषय शाबूत आहे. मेंदूसुद्धा माणसाच्या स्वभावाप्रमाणेच आजारी पडतो वाटतं.

२७ नोव्हेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत गणित केलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि कोणीही सांगितलेलं नसताना.

तलाव पंचवीस मीटर लांब, साडेबारा रुंद, सरासरी एक मीटर साठ सेंटिमीटर खोल. म्हणजे पाच लाख लिटर, पाच लाख किलो पाणी. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. हीच ती पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, जी माझ्यात नाही. तेव्हा अख्खा तलाव एका अंशाने तापवायला एकवीस लाख किलोज्यूल. हीटर अठरा किलोवॅटचा, म्हणजे सेकंदाला अठरा किलोज्यूल देणार. दिवसाचे सेकंद श्याऐंशी हजार चारशे. गुणाकार: साडेपंधरा लाख. दिलेली उष्णता भागिले वस्तुमान आणि उष्माधारकता यांचा गुणाकार, बरोबर तापमानातली वाढ. दिवसाला पाऊण अंश.

दहा अंश हवेत. म्हणजे चौदा दिवस. डिसेंबरच्या मध्याला आई पाण्यात.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उरलेला दिवस लोकांशी इतकी गोड वागले की एका आजोबांनी माझी तब्येत विचारली.

२८ नोव्हेंबर

कागद आईला दाखवला. तिने तो बराच वेळ वाचला. बोट एकेका आकड्यावरून नेत होती, जणू आकडेही नवीन आहेत. मग लाल पेन मागितलं आणि उत्तराभोवती गोल केला. शाळेत हा गोल बघून मी वही मिटायचे. हा कागद तिच्या हातात होता.

"वरून," ती म्हणाली. "वरून... जाते. रात्री. ती..." आणि थांबली.

"उष्णता," मी म्हटलं. "वातावरणात जाते. उष्णतेचा ऱ्हास धरला नाही."

तिने डोळे मिटून मान हलवली, आणि "ऱ्हास" हा शब्द वहीत लिहून घेतला. जोडाक्षर तीनदा खोडलं. एवढं करून मला मार्क किती ते सांगितलंच नाही.

२९ नोव्हेंबर

मामांनी उरलंसुरलं गणितही बुडवलं. मामा आमचे जीवरक्षक. सगळे त्यांना मामाच म्हणतात, अध्यक्षसुद्धा, आणि ते सगळ्यांना "काय रे" म्हणतात, अध्यक्षांनासुद्धा. बारा वर्षं तलाव तेच उघडतात, तेच बंद करतात. मी हीटरविषयी बोलत होते, तर म्हणाले, तो सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी तीन ते रात्री आठ एवढाच चालेल, कारण तलाव बंद झाला की ते मेन स्विच खाली ओढतात. तसा नियमच आहे. मी म्हटलं, नियम दिव्यांसाठी असेल. ते म्हणाले, स्विच एकच आहे, त्याला काय कळतंय दिवा कुठला आणि हीटर कुठला.

दहा तास. पुन्हा भागाकार. दिवसाला एका अंशाचा तिसरा हिस्सा. उरलेल्या चौदा तासांत पाण्याच्या एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून त्यापेक्षा जास्त निघून जाणार. म्हणजे आमचा हीटर खरं तर तलावाला थंड होण्यापासून थोडंसं परावृत्त करणार.

कागद घेऊन अध्यक्षांकडे गेले. चारचौघांत तो मला "मॅडम, तुम्ही" म्हणतो आणि खोलीत कोणी नसलं की "अगं". खोलीत कोणी नव्हतं. "अगं, ही थिअरी झाली," तो म्हणाला. "आणि बाईंची मुलगी असून तू इतकी नकारात्मक?" मग संगमरवरी पाटी दाखवली. "उष्ण जलतरण तलाव" असं तिच्यावर आधीच कोरून झालं होतं. दगडापुढे भागाकाराचं काय चालणार.

३ डिसेंबर

काल उद्घाटन झालं. फीत होती, कात्री होती, कात्री बोथट होती. अध्यक्षांनी पायऱ्यांवर वाकून पाण्यात हात घातला आणि वर बघून हसले. फोटो. टाळ्या. कोणीच पोहलं नाही.

आज सकाळी फळ्यावर मामांनी खडूने लिहिलं: पाण्याचं तापमान ३१.

मी फळ्यासमोर उभी राहिले. एका दिवसात दहा अंश. माझ्या गणिताने एक तृतीयांश. मामांनी माझ्यासमोर थर्मामीटर पुन्हा बुडवला, बारा वर्षं बुडवतात तसाच, खुर्चीत बसल्या बसल्या हात लांब करून. पारा एकतिसावर. मामा खोटं बोलणारा माणूस नाही, आणि पारा तर नाहीच.

म्हणजे माझंच चुकलं. कुठे ते कळत नाही, पण पस्तीस वर्षांचा अनुभव असाच आहे, की चूक कुठे ते नंतर कळतं आणि माझी असते हे आधी.

९ डिसेंबर

सकाळच्या तुकडीतले निवृत्त गृहस्थ खूश आहेत. पाण्यातून निळे ओठ घेऊन बाहेर येतात आणि फळ्याकडे बघून म्हणतात, काय मस्त गरम आहे. एक जण कुडकुडत मला समजावत होते, की बाहेर आल्यावर थंडी वाजते, हाच पाणी गरम असल्याचा पुरावा. दुसरे म्हणाले, हल्ली आपल्यालाच थंडी जास्त वाजते, वय झालं. मामाही पाण्यात उतरले की थरथरतात आणि कोणाला सांगत नाहीत. सगळ्यांनी फळ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या कातडीवर संशय घेतला आहे.

मीही हात घालून पाहिला. पायरीशी वाकून, तो फोटोतला हात जिथे गेला होता तिथे. कोमट होतं. चक्क कोमट.

दादाचा परदेशातून फोन. लोकरीचे मोजे पाठवलेत म्हणाला. तिकडून तो नेहमी पायांचीच काळजी करतो, बाकीची आई माझ्याकडे.

१४ डिसेंबर

तीन दिवस आईच्या मागे लागले आहे. ती नाही म्हणते. पोहण्याचा पोशाख आणलाय, तो तिने पिशवीतून बाहेरही काढू दिला नाही. मी सांगितलं, सगळे असेच असतात तिथे. ती म्हणाली, "तो?" तो म्हणजे अध्यक्ष. अजूनही तिला त्याचीच फिकीर, लाडका विद्यार्थी आला की नाही, दिसेल की नाही. मी म्हटलं, असेल तोही, सकाळी येतो बघायला. तिने तोंड फिरवलं. इतका आनंद झाला असावा.

फिजिओ आली होती. निघताना म्हणाली, "तुम्ही त्यांना रोज शिकवता ते फार छान करताय. जुन्या विषयातले शब्द आधी परत येतात." मी तिची चूक दुरुस्त केली नाही. शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण हे तिला काय माहीत. मात्र ती आईला "आजी" म्हणाली तेव्हा आईने दुरुस्ती केली. "बाई," असं ठणकावून म्हणाली. अख्ख्या आठवड्यातला सगळ्यात स्पष्ट शब्द.

१६ डिसेंबर

आज आई तयार झाली. म्हणजे मी रडले, आणि मग ती तयार झाली. त्याचा मला अभिमान नाही.

तिने माझा जुना कागद काढून समोर ठेवला. लाल गोलावर बोट ठेवलं. "हे... बरोबर," म्हणाली. तिच्या मते गणित बरोबर आहे आणि तलाव चूक. मी म्हटलं, आई, फळ्यावर एकतीस आहे. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तू मोजलंस?"

संपूर्ण वाक्य. सप्टेंबरानंतर मला वाटतं पहिलंच. मी हो म्हटलं.

मी मोजलं नव्हतं. मामांनी मोजलं होतं, मी वाचलं होतं, आणि एकदा पायरीशी हात ओला केला होता. त्यात असा काय फरक आहे, असं मी स्वतःला दोनदा विचारलं.

१७ डिसेंबर

लिहायला नको वाटतंय. म्हणून लिहिते.

सकाळी आठला गेलो. मामांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून तिला पायऱ्यांवरून उतरवलं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. पाणी गुडघ्याला लागलं आणि ती हसली. अर्धंच हसू येतं तिला हल्ली, पण आलं. मी मामांना म्हटलं, मी आहे, तुम्ही बसा. मला तिला एकटीने चालवायचं होतं.

पायरी सोडून चार पावलं गेलो. पाचव्याला पाणी एकदम बर्फ. मला वाटलं मलाच भास होतोय. मग तिची बोटं माझ्या दंडात रुतली. तिचा उजवा पाय वर ओढला गेला आणि आखडला, लाकूड झाला, आणि ती तिरकी होऊन पाण्याखाली गेली. माझा तिच्यावरचा हात सुटला नाही, पण मी तिला वरही आणू शकले नाही. मामांनी कपड्यांसकट उडी मारली. किती सेकंद गेले असतील. चार. पाच. मी मोजले नाहीत, अर्थात. मी काहीच मोजत नाही.

काठावर तिला झोपवलं. पाणी ओकली. पाय सरळ होत नव्हता, मामा दोन्ही हातांनी चोळत होते. आणि अध्यक्ष तिथे उभे होते, बूट घालून, हातात टॉवेल धरून, तो टॉवेल कसा द्यायचा हे न सुचून. सकाळची सगळी तुकडी भोवती जमली होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते, पोशाखाचा एक पट्टा खांद्यावरून घसरला होता. तिने कोणाकडेच बघितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं.

घरी आणल्यावरही भिंतीकडे. डॉक्टर येऊन गेले. छातीत पाणी नाही, स्नायू दुखावलाय. मी चहा दिला तो तसाच राहिला. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. पण त्यासाठी शब्द लागतात, आणि मला वाटतं तिने ते जपून ठेवलेत, माझ्यावर खर्च करायचे नाहीत असं ठरवून.

१९ डिसेंबर

आज मोजलं.

थर्मामीटर लांब काठीला बांधला आणि तलावाच्या कडेने फिरले. पायऱ्यांशी एकतीस. तिथून दोन मीटरवर पंचवीस. मध्यभागी बावीस. पलीकडच्या टोकाला साडेएकवीस. हीटरचं गरम पाणी ज्या नळीतून तलावात येतं तिचं तोंड तिसऱ्या पायरीच्या बाजूलाच आहे. आणि मामांची खुर्ची त्याच्या वर. बारा वर्षं ते बसल्या जागेवरून, त्याच पायरीशी थर्मामीटर बुडवतात. आधी हीटर नव्हता, तेव्हा कुठेही बुडवला तरी तेच येत होतं. म्हणजे दोन आठवडे आम्ही सगळे मिळून तलावाचं नव्हे, नळीच्या तोंडाचं तापमान फळ्यावर लिहून त्यावर आनंद मानत होतो.

मामांनी काठी घेऊन पारा स्वतः वाचला. मग म्हणाले, "मला वाटलं, मी म्हातारा झालो." त्यांनी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि लिहिलं: २२. सकाळच्या तुकडीतल्या एकाने लगेच तक्रार केली, की आज पाणी कालपेक्षा फारच गार आहे.

गणित बरोबर होतं. आईने सांगितलं होतं बरोबर आहे. पस्तीस वर्षांत मला पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि मी फळ्याकडे बघत होते.

२० डिसेंबर

आई वही उघडत नाही. पुस्तक मीच नेऊन मांडीवर ठेवलं, तिने खाली ठेवलं. परीक्षा बंद. एवढी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता संध्याकाळी घरात आल्यावर काय करायचं ते कळत नाही. मी आपणहून म्हणून दाखवलं, एक किलो पदार्थाचं तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे त्याची विशिष्ट उष्माधारकता. भिंतीला म्हणून दाखवलं म्हणायचं.

फिजिओ म्हणाली, पाय पंधरा दिवस मागे गेला. जानेवारी संपेपर्यंत वेळ आहे, मग मात्र बघू. या मुलीचं "बघू" मी ओळखायला लागले आहे.

२१ डिसेंबर

सूत्रात उष्णता तेवढीच राहिली आणि वाढ जास्त हवी असेल तर काय बदलायचं? पाण्याची उष्माधारकता बदलता येत नाही. पाणी कमी करता येतं. आठवीतलं पोर सांगेल. मी सेहेचाळिसाव्या वर्षी, कपडे वाळत घालताना सांगितलं.

मोठ्या तलावाशेजारी, त्याच छपराखाली, लहान मुलांचा शिकाऊ तलाव आहे. आठ मीटर बाय पाच, खोली पाऊण मीटर. तीस हजार लिटर. आईच्या उंचीला तो मांडीच्या वरपर्यंत येईल. थंडीत मुलं येत नाहीत, रिकामाच असतो. एकविसावरून बत्तिसावर न्यायचा तर लागतील तेरा लाख श्याऐंशी हजार किलोज्यूल. हाच हीटर ते साडेएकवीस तासांत देईल. दिवसाचे दहा तास धरले तर सव्वादोन दिवस. वरून जाणारी उष्णता धरली, या वेळी धरली, आणि पाण्यावर ताडपत्री झाकली, तर चार.

कागद दोनदा तपासला. तपासायला घरात दुसरं माणूस होतं, पण ते भिंतीकडे बघत होतं.

२२ डिसेंबर

अध्यक्षांना रीतसर अर्ज दिला. हीटर लहान तलावाला जोडावा. त्याने वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, की पाटीचं काय करायचं. मी तयारीत गेले होते. म्हटलं, पाटी आहे तिथेच राहू दे, हा दुसरा टप्पा म्हणू, "उपचार तलाव", पुन्हा फीत कापता येईल. त्याचा चेहरा जरा उजळला. मला माझीच लाज वाटली, पण थोडीच.

सही करून तो उठला नाही. पेनाचं टोपण काढत-घालत बसला. मग म्हणाला, "बाईंनी मला हे शिकवलं होतं गं. तो भागाकार मलाही आला असता. मी केला नाही." मी सही केलेला अर्ज फाइलमध्ये ठेवला. "कशा आहेत?" मी म्हटलं, भिंतीकडे बघतात. त्याने मान खाली घातली. पहिल्या बाकावरच्या मुलाला उत्तर न आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वाटलं होतं तेवढी मजा आली नाही.

२३ डिसेंबर

मामांनी नळी दुपारीच वळवली. ताडपत्री कुठूनतरी ट्रकवरची मिळाली, तिला कांद्याचा वास आहे. शिकाऊ तलावाच्या तळाला पिवळी बदकं रंगवलेली आहेत, डोळे मोठे, चोची लाल. ती झाकली गेल्यावर मला बरं वाटलं. विज्ञानाच्या माजी शिक्षिकेला बदकांवरून चालवायचं, हा भाग अर्जात लिहिला नव्हता.

संध्याकाळी आठला: २३.

२५ डिसेंबर

मी थर्मामीटर पाच ठिकाणी बुडवते. चारही कोपरे आणि मध्य. वहीत लिहून ठेवते, वेळेसकट. रात्री पाऊण अंश जातो, दिवसा चारेक येतात. मामा म्हणाले, आता मीही खुर्चीवरून उठून मोजतो. अपमान गिळून माणूस कसा चालतो ते बघायचं असेल तर त्यांना मोठ्या तलावाभोवती काठी घेऊन फिरताना बघावं.

आज आठला: ३०.

आईला घरी आल्यावर सगळं सांगितलं, आकड्यांसकट. बदकंही सांगितली, लपवलं तर नंतर दिसतीलच म्हणून. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. तोंड मात्र खिडकीकडे होतं, भिंतीकडे नव्हतं. मोठी प्रगती, खिडकी.

२६ डिसेंबर

दुपारी चार वाजता: साडेएकतीस, बत्तीस, साडेएकतीस, एकतीस, मध्यभागी साडेएकतीस. मग मी स्वतः आत जाऊन उभी राहिले, वीस मिनिटं, साडीचोळी नव्हे, रीतसर पोशाखात, मामांना आश्चर्य वाटेल असं. अंग गरम राहिलं. ओठ आरशात पाहिले, निळे नाहीत.

घरी आले तर आईची वही उघडी. पेन हातात. मला बघून म्हणाली, "ते... पिवळं. पाण्यात." आणि थांबली, नेहमीसारखी, माझ्याकडे बघत.

"बदक," मी म्हटलं. "कळला टोमणा, आई."

तिने ते पुन्हा म्हणवून घेतलं. मग हळूहळू वहीत लिहिलं. माझ्या योजनेतलं सगळ्यात हास्यास्पद तेवढं नेमकं टिपून ठेवणार, आणि दादाच्या फोनवर त्याला सांगणार. मी स्वयंपाकघरात गेले. तिथून पाहिलं तर ती ते अक्षर बोटाने गिरवत होती.

समोरासमोर विचारायची माझी हिंमत नाही. विचारलं की ती खिडकीवरून पुन्हा भिंतीवर जाईल. म्हणून इथे आधी लिहून बघते, मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून तिच्या चहाशेजारी ठेवणार आहे. ती नाही म्हणणार. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त शब्दांत.

आई, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. मी मोजलं नव्हतं. उद्या सकाळी साडेसातला लहान तलाव रिकामा आहे. अध्यक्ष येणार नाहीत, मी तसं सांगितलंय. मामा पाठ करून बसतील, हाक मारली तरच वळतील. पोशाखावरून तू तुझा जुना झगा घाल, भिजला तर भिजला. चालायचं नाही. नुसतं काठावर बसून पाय पाण्यात सोडायचे, आधी डावा, मग वाटलं तर उजवा. मी आधीपासून आत उभी असेन. पाच मिनिटं. नको वाटलं तर दोन. तू म्हणशील तेव्हा घरी. येशील का?